दार लागल्याशिवाय गाडी हलायची नाही

बसमध्ये तिचा दरारा होता. एवढ्याशा अंगकाठीतून तो आवाज निघतो कुठून, हे कोडं तिच्या ड्रायव्हरलाही सुटलं नव्हतं. ती "पुढे सरका" म्हणाली की माणसं तर सरकायचीच, मधल्या वाटेत ठेवलेली बोचकीसुद्धा लोक मुकाट उचलून मांडीवर घ्यायचे. आणि एका बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. दार लागल्याशिवाय घंटा द्यायची नाही. नोकरीच्या सुरुवातीला पुढच्या गाडीच्या पायरीवरून एक म्हातारबुवा पडताना तिने पाहिले होते. तेव्हापासून ड्रायव्हर कितीही कटकट करो, साहेब घड्याळ दाखवो, आधी दार, मग घंटा. आळीत तिला कुणी नावाने हाक मारत नसे. लहानथोर सगळ्यांची ती कंडक्टरबाई.

घरी मात्र या कंडक्टरबाईंची पार त्रेधा उडाली होती. बाळंतपणाची रजा म्हणजे आराम, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस तिच्या घरात राहून दाखवावं. एक खोली, एक स्वयंपाकघर, गादीवर तीनेक आठवड्यांचं बाळ, आणि त्या बाळाभोवती फिरणारी पावणेतीन वर्षांची भिंगरी. जागच्या जागी चक्कर येईपर्यंत गिरक्या घ्यायची, म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणत. नवरा बेकरीत भट्टीवर. तांबडं फुटायच्या आत घराबाहेर पडायचा, दुपारी यायचा तो उभ्या उभ्या पेंगतच. चांगला माणूस, पण झोपलेला चांगला माणूस काय कामाचा?

भिंगरीने बाळाचं स्वागत केलं होतं ते एका प्रश्नाने. "हे दवाखान्यात परत कधी द्यायचं?" सगळे हसले होते. मग एकदा बाळाच्या दंडावर चिमट्याची लाल खूण दिसली, एकदा त्याच्या तोंडावर उशी सापडली, तेव्हा हसणं बंद झालं. ओरडून झालं, समजावून झालं, एक धपाटाही घालून झाला, आणि त्यानंतर आईच कोपऱ्यात बसून रडली. शेवटी तिने आपल्याच धंद्यातली युक्ती काढली. जो प्रवासी फार गोंधळ घालतो, त्यालाच दाराशी उभं करून काम द्यावं, म्हणजे तो सरळ येतो. तिने आपली तिकिटांची जुनी पिशवी भिंगरीच्या गळ्यात अडकवली आणि जाहीर केलं, "आजपासून तू कंडक्टर. बाळ तुझा पॅसेंजर. पॅसेंजरला सांभाळायचं, भूक लागली का विचारायचं. आणि गाडी सुटायच्या आधी काय करायचं?"

"दार लावायचं!"

युक्ती लागू पडली. चिमटे थांबले. गादीची बस दिवसातून अनेकदा सुटू लागली आणि दर वेळी भिंगरी धावत जाऊन घराचं दार धाडकन लावून यायची. पुढे पुढे ती दाराच्या तळाची खिट्टीही टाचेने दाबून खाली पाडायला शिकली. वरच्या मजल्यावर चोरी झाली तेव्हा नवऱ्याने हौसेने बसवलेली ती जाडजूड खिट्टी जमिनीतल्या भोकात जाऊन बसायची. वर ओढायला मोठ्या माणसालाही दोन हात लागत. आईने लेकीचा तो पराक्रम पाहिला होता, आणि पाहून टाळ्या वाजवल्या होत्या. बाई कामात हुशार, पण घरातली हुशारी वेगळीच असते.

त्या दिवशी सकाळ बरी गेली होती. बाळ पिऊन झोपलं होतं. अंगावर पाजणाऱ्या बाईला लागते तशी वखवखून भूक लागली, म्हणून ती भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी घेऊन गादीच्या कडेला बसली. चार दाणे तोंडात टाकले नाहीत तोच तिला बाहेरची दुपटी आठवली. दोरी सामायिक पॅसेजमध्ये होती, दारापासून हाताच्या अंतरावर. वाटी तिथेच ठेवून ती उठली. दुपटी ओढली, खांद्यावर टाकली, आणि मागे दार धाडकन लागलं. पाठोपाठ खिट्टी पडल्याचा आवाज आला. आतून घंटा झाली, "टण टण!"

ती हसलीच आधी. दारावर टिचकी मारून म्हणाली, "कंडक्टर, उघडा. एक पॅसेंजर राहिला."

"गाडी सुटली!"

"उघड गं राणी. हात दुखतात माझे."

आत खुडबुड झाली. मग कण्हल्यासारखा आवाज. "आई, निघत नाही."

तिचं हसू ओठांवरच राहिलं. किल्ली असून नसून सारखीच, खिट्टीला किल्ली कसली? फोन आत. स्वयंपाकघराच्या खिडकीला लोखंडी जाळी. आणि मग तिला वाटी आठवली. गादीच्या कडेला, बाळाच्या डोक्याशी. पॅसेंजरला भूक लागली का विचारायचं, हे तिनेच शिकवलं होतं.

तिने तिचा तो प्रसिद्ध आवाज काढला. "भिंगरी! वाटीला हात लावायचा नाही! ऐकलंस?"

तो आवाज गर्दीसाठी होता. लाकडी दारावर तो असा आदळला की आत भिंगरी चिडीचूप झाली आणि बाळ दचकून जागं झालं. टाहो फोडून रडू लागलं. तोंड एवढं मोठं उघडून रडत असणार, हे तिला बाहेर उभ्या उभ्या दिसत होतं. तिने स्वतःलाच मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. रडण्याबरोबर छातीत दूध दाटलं आणि पोलकं भिजायला लागलं.

आरडाओरड ऐकून शेजारचे काका बाहेर आले. निवृत्त पोस्टमन, जन्मभर लोकांच्या दारात उभे राहिलेले, त्यामुळे दारांविषयी त्यांना फार माहिती. "धक्का मारू का?" म्हणाले.

"काका, पोर दारामागेच असेल. सुताराला आणा. कोपऱ्यावरच्या. आणि पळत जा, तुमच्या पाया पडते."

काकांनी चपला घातल्या नाहीत, सल्लाही दिला नाही. यावरूनच प्रसंग ओळखावा.

आतून भिंगरीचा आवाज आला, दारापासून लांबून, अगदी मऊ. "लडू नको, बाळ. भूक लागली? आ कल."

कंडक्टरबाई तशीच खाली बसली, मग पालथी झोपली. पॅसेजच्या थंड फरशीवर गाल टेकवला. दाराखाली बोटभर फट होती. तिच्यातून गादीची कड दिसत होती आणि दोन छोटी पावलं. ओरडायचं नाही. ओरडलं की ती पावलं आणखी लांब जातील. तिने आवाज इतका खाली आणला की तो तिचा तिलाच ओळखू येईना.

"भिंगरे, मला पण भूक लागलीय."

पावलं थांबली.

"मला काहीच नाही मिळालं. मला भरव ना."

"तू मोठी आहेस," भिंगरी म्हणाली. "मोठ्यांनी थांबायचं असतं."

शब्द न् शब्द तिचाच होता. बाळ आल्यापासून ती हे किती वेळा म्हणाली असेल, देव जाणे. पाणी मागितलं की, कडेवर घे म्हटलं की, नुसतं आई म्हटलं तरी. आपलीच चपराक फिरून आपल्या गालावर बसावी तसं तिला झालं. पण लाजत बसायला सवड नव्हती.

"मी मोठी नाही गं," ती म्हणाली. "बघ, मी खाली लोळतेय. मोठी माणसं लोळतात का?"

आत विचार चालला होता. बाळ रडत होतं. मग पावलं वळली, जवळ आली, आणि फटीपाशी एक डोळा आला. आईला फरशीवर आडवी पाहून भिंगरी खुदकन हसली. एक शेंगदाणा फटीतून सरकत बाहेर आला. मागून छोटं बोट.

"आ कल, आई."

तिने फरशीवरूनच तो ओठांनी उचलला. "छान आहे. अजून."

"सगळं खाल्लंस?"

"सगळं. अजून दे. वाटी इकडेच घेऊन ये, म्हणजे तुला चालायला नको."

वाटी आली. दाणे येत राहिले, कधी एक, कधी मूठभर आपटून विखुरलेले. तिला गिळवत नव्हतं. तोंडात लगदा साचला होता, तरी ती अजून, अजून म्हणत होती. जन्मात कुणी इतक्या भुकेने, इतकी भूक नसताना, खाल्लं नसेल. प्रत्येक दाणा बाहेर आला की एक संकट कमी. मधूनच भिंगरी उठून जायची आणि हिचा श्वास अडकायचा, मग ती परत यायची.

अशीच एकदा ती उठून गेली आणि बाळाचं रडणं एकदम थांबलं.

कमी कमी होत नव्हे, तर तोडल्यासारखं थांबलं.

"भिंगरे?" तिने फटीला डोळा लावला. "भिंगरे, बाळ गप्प का झालं?"

"मी गप्प केलं."

तिच्या कानात नुसता घुं घुं आवाज भरला. ओरडावंसं वाटलं, दाराला डोकं आपटावंसं वाटलं. तिने फरशीला नखं लावली आणि हळूच विचारलं, "कसं केलंस, राणी?"

"माझं बोट दिलं. चोखतंय." थोडं थांबून, तक्रारीच्या सुरात, "पण दूध येत नाही त्यातून."

कंडक्टरबाईंनी कपाळ फरशीवर टेकवलं. तोंडातला सगळा लगदा खांद्यावरच्या धुतलेल्या दुपट्यात थुंकला आणि आवाज न करता रडून घेतलं.

तेवढ्यात काका सुताराला घेऊन आले. सुतार कमी बोलणारा. वाकून फट पाहिली, खिट्टी पाहिली. म्हणाला, "लोखंड कापायच्या करवतीचं पातं खालून घालून कापतो. वेळ लागेल. पण पोरीची बोटं इथे नकोत. दारापासून लांब पाठवा तिला."

लांब म्हणजे बाळाकडे. ती सुताराकडे बघत राहिली. त्याला काय सांगायचं, की इतका वेळ मी तिला दाराशी आणण्यासाठीच लोळतेय म्हणून?

"भिंगरे, इकडे ये जरा. वाटीत अजून किती आहेत?"

पावलं आली. "एक."

"तो दे मला."

"नाही. तो बाळाचा. बाळाला कुणीच नाही दिला."

"बाळाला दात नाहीत."

"मी मऊ करते. चावून."

काकांनी तोंड उघडलं, सुताराने त्यांचा हात दाबला. बाईंनी पुन्हा गाल फरशीला टेकवला. हिसकावता येत नाही, दरडावता येत नाही. बसमध्ये अशी वेळ कधी आली नव्हती.

"आणि तुला कुणी भरवला?" तिने विचारलं.

आत वाटी फरशीवर घासल्याचा आवाज आला.

"सांग ना. मला तू भरवलंस. तुला कुणी?"

"कुणीच नाही." आवाज एकदम लहान झाला होता.

"मग तो तुझा. मी भरवणार तो तुला, माझ्या हाताने. पण दार उघडल्यावर. तोवर मुठीत घट्ट धर आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बस. बाळाकडे नाही हां, उंबऱ्यावर. बसशील?"

"नक्की भरवशील?"

"नक्की."

पावलं गेली. फटीतून उंबरा दिसत नव्हता. पातं खालून आत गेलं, लोखंडावर करकरायला लागलं. बाळ पुन्हा रडू लागलं. ते रडतंय तोवर ठीक आहे, असं ती स्वतःला बजावत होती. लेकराने रडत राहावं म्हणून कुठली आई देवाला साकडं घालते? ती घालत होती. दर थोड्या वेळाने हाक मारायची, "बसलीस ना?" आणि आतून यायचं, "बसले."

खिट्टी तुटली. दार उघडलं तशी ती धावली ती थेट गादीकडे. बाळाच्या तोंडात बोट घालून गालांच्या आत, जिभेखाली चाचपलं. काही नव्हतं. लाळ आणि हिरड्या, बस. तिने त्याला छातीशी धरलं, आणि ते हावरटासारखं प्यायला लागलं. काकांनी तोंड फिरवून सुताराला खाली नेलं. जाताना त्यांनी दार नुसतं ओढून घेतलं.

बराच वेळ ती तशीच बसली होती. धडधड ओसरली, बाळ डोळे मिटायला लागलं, तेव्हा तिला उंबऱ्याची आठवण झाली. उंबऱ्यावर कुणी नव्हतं.

"भिंगरे?"

मोरीत नाही. पडद्यामागे नाही. तेवढ्यात दाराखालून काहीतरी सरकत आत आलं. घामाने ओला झालेला एक शेंगदाणा.

"आई," बाहेरून आवाज आला, "मी खाली लोळतेय."

तिने बाळाला गादीवर ठेवलं आणि दाराशी जाऊन पालथी झोपली. फटीच्या पलीकडे फरशीला टेकलेला एक गाल होता, आणि वासलेलं तोंड. तिने दाण्याचे दातांनी बारीक तुकडे केले आणि एक तुकडा बोटाच्या टोकावर धरून बाहेर सरकवला. ओठांनी तो उचलला.

"अजून," भिंगरी म्हणाली.

मागे गादीवर बाळ रडायला लागलं. तिने मान वळवली, क्षणभर पाहिलं, आणि पुन्हा गाल फरशीला टेकवला.

"थांब रे जरा," ती त्याला म्हणाली. "ताईचं व्हायचंय अजून."