गिअरबॉक्समधला भुसा

परवा प्रयोगशाळेत वंगणाचा नमुना तापवताना जळक्या तेलाचा दर्प आला. क्षणात मी मनाने लहानपणीच्या, गुढियारी वस्तीतल्या बाबांच्या गॅरेजात पोहोचले.

तिथे धरणावरून आणलेली, हौशी मासेमारीची एक जुनी मोटरबोट उभी होती. बाबांनी तिचा गिअरबॉक्स उघडला. आत पाणी शिरून तेल नासक्या दुधासारखे झाले होते, दाते झिजून खडखडत होते. त्या बनावटीचे सुटे भाग मिळणे केव्हाच बंद झाले होते. नवा गिअरबॉक्स बसवणे हा एकच उपाय होता.

"नवा कायले, भैया? बोट तर मी विकून राहिलो," मालक म्हणाला. "फक्त आवाज बंद करून द्या."

बाबांनी घट्ट तेलात लाकडाचा भुसा कालवला आणि तो बुळबुळीत लगदा बोटांनी आत दाबला.

बोट घेणारे आमच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात राहणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले काका होते. नातवांना घेऊन त्यांना धरणावर गळ टाकायचा होता. त्यांनी इंजिन सुरू करायला लावले. "वा! काय मस्त चालून राहिली!"

"काका, आत भुसा भरला आहे," मी म्हणाले. "भर पाण्यात बंद पडेल."

ते बाबांकडे वळले. "काय म्हणते तुमची पोट्टी?"

बाबा हात पुसत हसले. "मजाक करून राहिली."

काकांनी लाडाने माझा गाल ओढला आणि बोट घेतली.

त्या वेळी माझा सगळा संताप मालकावर होता. आज त्याचा चेहराही आठवत नाही. बाबांचे ते सहज हसणे आठवते आणि शिसारी येते.