सुट्टीचं कलम

सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं, आणि शेवंताबाईंचे हात मात्र अगदी हळू हलत होते.

घरकामगारांचे पगार आणि कामाचे तास जगभर कसे असावेत, हे ठरवायला त्या परदेशी शहरात अनेक देशांची माणसं जमली होती. कोल्हापूरहून आलेल्या शेवंताबाईंची मी दुभाषी. बावीस वर्षं त्या एकाच घरी, स्वयंपाकघरालगतच्या खोलीत राहून राबल्या होत्या. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी, हे कलम नुकतंच मंजूर झालं होतं.

त्या माझ्या कानाशी वाकल्या. "ताई, सुट्टी मिळाली तर जायचं कुठं?"

दिवसभर मी दोन भाषांत येरझारा घालत होते. हातातला कलमांचा मसुदा मी पुन्हा चाळला. तास मोजता येतात, पगार ठरवता येतो. आपली वाट पाहणारं कुणी असावं, हे कुठल्या कलमात लिहिणार?

दुसऱ्या दिवशी रविवार. सभा नव्हती. सकाळी हॉटेलातल्या त्यांच्या खोलीत गेले, तर इस्त्रीची साडी नेसून त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या.

"कुठं निघालात?"

"कुठं नाही. सुट्टी आहे न्हवं आज."

मलाही कुठं जायचं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.