एदिल्मा आणि पेरूचा गर

वेलेस गावात एदिल्माच्या हातच्या पेरूच्या गराला मान होता. पेरू उकडायचे, चाळणीवर घासायचे आणि एकही बी खाली उतरू द्यायची नाही. चाळीस वर्षं तिनं हेच केलं. नवरा बेलार्मिनो मात्र तोंड वाकडं करायचा. "पोराबाळांचं खाणं! यात कसली आलीय मेहनत?" या माणसानं कॉफीचा स्वतःचा कपही कधी विसळला नव्हता. एदिल्मा त्याला उत्तर देण्याच्या लायकीचाही समजत नसे.

सत्तरीत त्याचे उरलेसुरले दात काढले, तेव्हा गराशिवाय त्याला काही खाता येईना. पहिल्याच दिवशी वाटीत चमचा फिरवत तो म्हणाला, "पातळ झालाय. लक्ष कुठं असतं तुझं?"

एदिल्मानं उकडलेल्या पेरूंचं पातेलं आणि चाळणी त्याच्यापुढे सरकवली. "घ्या, तुम्हीच काढा दाट."

दुपारभर तो घासत बसला. मनगटं भरून आली, सदरा बरबटला, निम्मा गर बियांबरोबर वाया गेला. शेवटी वाटीभर निघाला, तोही खरखरीत.

"एवढाच?" तो पुटपुटला.

"तुमच्या हातून एवढा निघाला हेच नवल."

तिनं चमचा आणला, त्याच्यासमोर बसून ती वाटी चाटूनपुसून संपवली आणि दातांत आलेल्या बिया एकेक करून ताटलीत थुंकल्या.

दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता तो चाळणी घेऊन बसला. एदिल्मानं वळूनही पाहिलं नाही.