म्हाताऱ्याला जाऊ द्या

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी पाऊण तासाची. डबा दहा मिनिटांत संपतो. उरलेला वेळ मी बर्गरची गाडी चालवतो, म्हणजे कॉम्प्युटरवर. ब्राउझर उघडला की गाडी हजर, काही डाउनलोड करायला नको आणि साहेब मागे आला की एका बोटात बंद. समोर चार गिऱ्हाईकं उभी असतात. प्रत्येकाच्या डोक्यावर हिरवी पट्टी, ती हळूहळू लाल होते. पूर्ण लाल झाली की गिऱ्हाईक पाय आपटत निघून जातं आणि आपल्या तीन लाल बदामांपैकी, म्हणजे जिवांपैकी, एक जातो. तिन्ही गेले की खेळ खलास.

खेळाच्या खाली लोकांना मतं मांडायला जागा ठेवली आहे. तिथे सगळे रिकामटेकडे जमतात. एक जण रोज येऊन 'जुना खेळ चांगला होता' एवढंच लिहून जातो. दुसऱ्याचं म्हणणं, माऊस भारीतला घेतल्याशिवाय तिसाव्या पातळीचं नाव काढू नये. तिसऱ्याचा जाहिरातींवर भयंकर राग, पण खेळतो दिवसभर. या विद्वानांत माझा मान मोठा, कारण माझी एक टिप तिथे सगळ्यांच्या वर लावलेली आहे. ती अशी: 'काठी टेकत येणारा म्हातारा तीन पदार्थ मागतो आणि गुण सगळ्यांत कमी देतो. त्याला जाऊ द्या. एकच बदाम जातो, आणि पुढच्या पातळीवर तो परत मिळतो.' या तीन वाक्यांना इतके अंगठे मिळाले की मी बायकोला बोलावून दाखवले. ती म्हणाली, "घरात स्वतःचं ताट उचलत नाहीस आणि तिथे चार गिऱ्हाईकं सांभाळतोस!"

आता आईची गोष्ट. बोरीवलीला आमचं घर एक खोली, हॉल आणि स्वयंपाकघर एवढंच. आई हॉलमध्ये झोपते. मुलगी बारावीला गेली आणि तिला अभ्यासाला शांत जागा हवी, असं बायकोने आणि मी ठरवलं. म्हणजे आईला भावाकडे मुलुंडला पाठवायचं, बारावी होईपर्यंत. भावाशी मी गॅलरीत उभं राहून, दार लोटून, फोनवर सगळं पक्कं केलं होतं. आईला सांगायचं तेवढं राहिलं होतं. तेही मी हुशारीने करणार होतो. घरातला जुना लॅपटॉप तिला द्यायचा, खेळाची गोडी लावायची आणि मग लॅपटॉपसकट मुलुंडला रवाना करायचं. तिकडे करमत नाही अशी तक्रार यायला नको.

आईने वीस वर्षं खाणावळ चालवलेली. गावाहून आलेले, बायकापोरं गावीच ठेवलेले गिरणीतले पंधरा-सोळा गडी आमच्या चाळीतल्या खोलीत पाळीपाळीने जेवायचे. तिला बर्गरची गाडी जमायला काय हरकत होती? पण तिने गाडीचीच खाणावळ केली. जो आधी आला त्याला आधी, मग मागे कोणी कितीही थयथयाट करो. गुलाबी कपड्यांतली घाईची पोरगी, जी सगळ्यांत जास्त गुण देते, तिला आई स्क्रीनकडे बघून सांगायची, "वायच थांब गे चेडवा, ह्यो तुझ्या आदी इलो." सोमवारी तर कहर झाला. कोंबडीचा बर्गर मागणाऱ्या प्रत्येकाला तिने कोरडा पाव आणि कोबी दिला. "आज सोमवार," ती मला म्हणाली, जणू मीच विसरलो होतो. तिन्ही बदाम दीड मिनिटात गेले.

म्हाताऱ्यावर तिचा विशेष जीव. तो आला की बाकीची गाडी बंद. त्याचे तिन्ही पदार्थ नीट शिजवून, मांडून, त्याला वाढून झाल्याशिवाय ती दुसरीकडे बघत नसे. आठ दिवस झाले तरी चौथी पातळी काही ओलांडेना.

शनिवारी दुपारी माझं डोकं सटकलं. एवढा मोठा टिपा देणारा मी, आणि माझ्याच घरात ही नामुष्की. शिवाय दुसऱ्या दिवशी भाऊ येणार होता आणि आईला अजून काहीच सांगितलं नव्हतं, तेही डोक्यात होतंच.

"आई, वाट लावलीस बघ! म्हाताऱ्याला सोड ना. तो काय देतो आपल्याला?"

"मी कधी कोणाक उपाशी धाडूक नाय."

"अगं, खेळ आहे हा! त्याला जाऊ दे, एकच बदाम जातो."

तिने हात थांबवला. स्क्रीनवर म्हाताऱ्याची पट्टी लाल होत चालली होती.

"एकच जाता मा?"

"एकच."

"आणि पुढे गेल्यार परत गावता?"

"मिळतो ना. मी स्वतः लिहिलंय तिथे, सगळे तेच करतात."

"बरा तर," आई म्हणाली. चष्मा काढून तिने पदराने पुसला. "पिशवी मी भरून ठेवलंय. भावाक सांग, सकाळचो ये म्हणान. गॅलरीत रवान बोललस तरी माका आयकाक येता रे, कान अजून बरे आसत माझे."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मला लाज वाटली, इतकी की कान गरम झाले. नको जाऊस म्हणायला मी तोंड उघडलंही होतं. दारात बायको येऊन उभी राहिली होती, तिच्याकडे बघितलं आणि मिटलं. दोष तिचा नाही, तोंड माझं होतं.

आई गेली. लॅपटॉप तिने नेला नाही, चार्जरची वायर गुंडाळून कपाटावर ठेवून गेली.

बारावीचा निकाल लागून आता दोन महिने झाले. बऱ्यापैकी मार्क मिळाले. हॉलमधल्या आईच्या जागेवर मुलीचं टेबल आहे, ते हलवायचं राहिलंय. माझी टिप अजूनही सगळ्यांत वर आहे. परवा तिच्याखाली एका नवख्याने विचारलंय, 'म्हाताऱ्याला घालवला. पुढे पण गेलो. बदाम परत कधी मिळतो?'

मी रोज ते उघडून बघतो. उत्तर अजून दिलेलं नाही.