होडी बंद असल्याचा निरोप

होडी बंद आहे म्हणून येता आलं नाही, असा निरोप मी जुव्याच्या आत्तेला पाठवला, आणि तो तिच्यापर्यंत होडीतूनच गेला. माझ्या हातून याहून मोठ्या चुका झाल्या आहेत, पण इतकी मूर्खपणाची दुसरी नाही.

जुवं म्हणजे भाट्याच्या खाडीत आतल्या अंगाला असलेलं लहानसं बेट. माझी आत्ते तिथे एकटी राहायची. तिला पाहुणे हवे असत ते ऐन पावसाळ्यात. वैशाखात आम्ही सगळी भावंडं बायकामुलांसह तिच्याकडे जाऊन थडकायचो. ती आढीतले आंबे पुढे करून म्हणे, "आंब्यांना भेटायला आलायत ना? भेटा." आणि निघताना प्रत्येकाला बजावी, "मला भेटायचं असेल त्याने श्रावणात यावं."

श्रावणात तिथे कोण जाणार? खाडी तांबडी होऊन फुगलेली, वाटेवर पोटरीभर चिखल. पण आत्तेची तयारी मृगाआधीच सुरू होई. पडवीत लाकडं रचायची, फणसाची साठं वाळवायची, कुळीथ भरून ठेवायचे. शेजारणी विचारत, "कोणाचं लगीन काढलंस गो?"

"पाहुणे यायचेत," ती म्हणे.

आतोबा गलबतावर तांडेल होते. पावसाळ्यात गलबतं किनाऱ्यावर ओढली की ते घरी येत, आणि नारळी पौर्णिमा झाली की पुन्हा समुद्रावर जात. आमच्या लेखी पावसाळा म्हणजे दारं लावून बसायचे दिवस, तिच्या लेखी घर भरायचे. आतोबा गेले, तरी तिचं पंचांग बदललं नाही.

एका पावसाळ्यात मी गेलो आणि अडकलो. रजा संपत आली तरी होडी सुटेना. मी दर थोड्या वेळाने दारात जाऊन आभाळाकडे बघे.

"अजून कोसळतोच आहे," मी म्हणायचो.

"तुझी रजा संपली हे त्याला कुणी कळवलं नसेल," ती भाकरी थापता थापता म्हणे.

माझं धोतर तिने चुलीवरच्या दोरीला वाळत घातलं होतं. परत गेल्यावर कचेरीत त्याला असा धुराचा वास येत होता, की शिरस्तेदारांनी खिडक्या उघडायला लावल्या. पुढच्या वैशाखात आत्तेला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. कचेरीला तेवढाच वारा लागला."

त्या श्रावणात नागपंचमीला येतो, असं मी कबूल केलं. सणाच्या दिवशी पाऊस बेताचाच होता. पण सुट्टी होती, अंगावर पांघरूण होतं, आणि मला त्या चिखलाची आठवण झाली. उशिराने बाजारात गेलो, तर आत्तेची शेजारीण पडवळं विकायला बसलेली.

"येताय ना? आत्ते वाट बघत्येय."

"होडी बंद आहे म्हणे," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या पाटीकडे. "असं? सांगते हो."

ती स्वतः जुव्याहून बाजारात कशी आली असेल, हे मला घरी पोचल्यावर सुचलं.

संध्याकाळी दारात खुद्द होडीवाला उभा. हातात पातोळ्यांचा डबा.

"आत्तेनं सांगितलान, होडी बंद हाय, तर पोहत नेऊन दे." त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. जाताना मात्र तो थांबला. "सकाळधरनं धक्क्यावर उभी होती, इरलं घेऊन. घरात जा म्हटलं, तर ऐकलान नाय."

घरभर हळदीच्या पानांचा वास सुटला. मुलांनी पातोळ्या संपवल्या. मी रिकामा डबा घासून ठेवला.

त्यानंतरच्या वैशाखात सगळे गेले, मी कचेरीचं निमित्त केलं. तिने माझी चौकशीही केली नाही, असं भाऊ म्हणाला, आणि ते मला फार लागलं. श्रावण आला तेव्हा मी कुणाला न सांगता भर पावसात होडीत बसलो.

आत्ते चुलीपाशी होती. तिने मान वळवली.

"कोण? आंबे संपले."

मी पाय धुऊन तिच्याजवळ बसलो आणि खाली बघत काहीतरी पुटपुटलो.

"काय म्हणतोस? पावसात ऐकू येत नाही." परसात कोंबडी कुडकुडली तरी हिला ऐकू येई. मी पुन्हा बोललो.

"मोठ्याने सांग. शेजारीणसुद्धा विचारत होती."

मी उठून उभा राहिलो. शेजारची खिडकी उघडलेली दिसली. तिकडे तोंड करायचा धीर झाला नाही, म्हणून आत्तेकडेच बघून ओरडलो, "आत्ते, होडी चालू होती. मी खोटं बोललो. मला तुझ्याकडे यायचा कंटाळा आला होता. माझं चुकलं."