दंडघेर बारा इंच

आमच्या मेहुणीइतकी दंडांची पारख अख्ख्या डोंबिवली पश्चिमेत दुसऱ्या कोणाला नाही, हे मी पैज लावून सांगतो. तुम्हाआम्हाला माणूस चेहऱ्यावरून ओळखू येतो, हिला दंडावरून. कोपर स्टेशनजवळ राहत्या घराच्या पुढच्या खोलीत ती गेली तीस वर्षं ब्लाऊज शिवते आहे. भाजी घेताना समोरून एखादी बाई आली, की हिला तिचं नाव आठवत नाही, पण "काय गं, साडेतेरा झाले की! माहेरी राहून आलीस वाटतं?" असं भर रस्त्यात विचारून मोकळी होते. बायका चिडत नाहीत, कारण माहेरी खरंच राहून आलेल्या असतात. मी हिच्या बहिणीला बघायला गेलो, तेव्हा पोह्यांची बशी माझ्या हातात देताना हिने माझ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टाकडे एक नजर टाकली आणि आत जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नऊ इंच. हा आपल्या ताईला सांभाळणार?" लग्न झालं ते झालंच, पण दंड झाकले जातील अशी हाताची घडी घालून बसायची माझी सवय तेव्हापासूनची.

तिच्या दुकानाचे दोन नियम. पहिला, माप हात सैल सोडूनच द्यायचं. बाईने जरा हात आखडला की ही टेप खाली ठेवून दम भरते, "हात सोड. अजून सोड. मी काय इंजेक्शन देत्येय?" आणि दुसरा, शिवलेली बाही उसवायची नाही. शिवणीत जादा कापड म्हणून ती ठेवतच नाही. ठेवलं की बायका निर्धास्त जेवतात असं तिचं म्हणणं. एका बाईंनी ब्लाऊज घट्ट होतो म्हणून परत आणला, तर हिने वही उघडून जुनं माप दाखवलं आणि शांतपणे सांगितलं, "ब्लाऊज बरोबर आहे. तुम्ही चुकलात." त्या बाई पुढच्या आठवड्यात फिरायला जायला लागल्या. आता बोला!

या वहीच्या अगदी पहिल्या पानावर मात्र बाईचं माप नाही, भावाचं आहे. दोघी बहिणींच्या पाठचा हा भाऊ. लग्न दोघांनीही केलं नाही, मेहुणी आणि तो कोपरच्या घरात एकत्र राहायचे आणि दिवसभर भांडायचे. तरुणपणी टेंभी नाक्याच्या हंडीत तो सगळ्यात खालच्या थराला उभा राहायचा, आणि पन्नाशी जवळ आली तरी रोज सकाळी डंबेल्स मारायचा. हिने शिवायला शिकल्यावर पहिला शर्ट त्याचा शिवला; दंडघेर पंधरा. आमची लेक चार वर्षांची असल्यापासून तो तिला दोन्ही हातांवर आडवी उचलून बाळकुमच्या आमच्या घरभर फिरवायचा आणि म्हणायचा, "लग्नात मामा असंच नेणार हां बोहल्यावर." आमच्याकडे मामाने नवरीला उचलून न्यायची पद्धतच आहे. पण दोन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत तो गेला. डंबेल्स तशीच पलंगाखाली राहिली.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा पहिला प्रश्न आला तो हाच. मामा कोण? कोणी म्हणालं चिपळूणच्या चुलतमामाला बोलवा, कोणी म्हणालं आजकाल नवरी चालत आली तरी चालतं. मेहुणी तोवर आमच्या सोफ्याच्या कव्हराची शिवण तपासत बसली होती. मान वर न करताच म्हणाली, "कोणाला बोलवायचं नाही. तिला मी नेणार."

"अगं, अठ्ठावन्न किलोची आहे ती," मी म्हणालो.

"मग? तो नेणार होता तेव्हा काय कापसाची होती?"

"मावशी, पाडलंस तर?" लेकीने विचारलं.

"पाडायला मी काय तुझा बाप आहे?" आणि माझ्या दंडाकडे बघून घेतलं. मुद्दा संपला.

हातात सहा महिने होते आणि मेहुणीचं वय एक्कावन्न. पलंगाखालची डंबेल्स बाहेर आली, गंज घासला गेला, आणि कोपरच्याच एका जिममध्ये तिने नाव घातलं. तिथली ट्रेनर पंचविशीतली, कडक पण गोड मुलगी. तिच्यापुढे मेहुणीने पहिल्या दिवशी अटच घातली: ताकद पाहिजे, पण दंड वाढता कामा नये. पैलवान व्हायचं नाही. दंडघेर बारा आहे तो बाराच राहिला पाहिजे. ती बिचारी रोज समजावायची, "मावशी, बायकांचे दंड असे पटकन फुगत नाहीत हो. त्याला वर्षं लागतात, खाणं लागतं. तुमचं लोंबतंय ते जाईल आणि हात घट्ट होतील, बस्स." मेहुणी मान डोलवायची, घरी यायची आणि टेप लावायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. शिवाय स्वतःच्याच मनावर भरवसा नको म्हणून लग्नातला ब्लाऊज तिने सहा महिने आधीच शिवून टाकला. मोरपिशी, कोपरापर्यंत बाही, बारा इंचावर चपखल, आत जादा कापड सूतभर नाही. तो खिळ्याला टांगला आणि म्हणाली, "आता हा सांगेल मी किती उचलायचं ते."

आठवड्यातून तीन दिवस ती वजन उचलायची, उरलेले दिवस आमचं डोकं खायची. वजन दंडाने उचलतात हा लोकांचा गैरसमज आहे, वजन पोटाने आणि पायाने उचलतात, हे मी तिच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की झोपेत म्हणून दाखवीन. ट्रेनरने पोटासाठी प्लँक करायला सांगितलं, म्हणजे कोपरांवर आणि चवड्यांवर अंग ताठ धरून राहायचं. मेहुणीने त्यासाठी वेगळा वेळ काढला नाही. कटिंगच्या टेबलाशेजारी सतरंजी घालून ती तशी ताठ व्हायची आणि गिऱ्हाईक आलं की जमिनीवरूनच थरथरत्या आवाजात विचारायची, "गळा... मागून... किती... खोल?" एका आजींना वाटलं बाईंना झटका आला. त्या पाणी घेऊन धावल्या आणि हिच्या तोंडावर मारलं. ही एवढंच म्हणाली, "अजून वीस सेकंद राहिलेत."

तांदळाच्या दहा किलोच्या पिशवीपासून सुरुवात झाली. मग वीस, मग तीस. चौथ्या महिन्यात जिवंत माणसाची गरज पडली आणि ते माणूस मीच निघालो. एका रविवारी सोसायटीच्या आवारात आम्ही तिला सोडायला उतरलो असताना, "भाऊजी, चप्पल काढा," म्हणाली. मी कशासाठी ते विचारेपर्यंत तिच्या हातांवर आडवा होतो. वॉचमन उठून उभा राहिला. दुसऱ्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "काय झालं काकांना?" मेहुणी मला घेऊन शांतपणे पार्किंगच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली आणि बायकोपुढे मला उभा करून म्हणाली, "एकसष्ट. घाम नाही." त्या दिवशी टेप लावला तरी बारा. तिचा चेहरा असा फुलला होता की मला माझी फजिती विसरून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. बायको मात्र आत जाऊन रडली.

लग्नाच्या दिवशी तो मोरपिशी ब्लाऊज हाताला असा बसला होता, जणू अंगावरच शिवलाय. हॉलमध्ये नवरीच्या खोलीपासून बोहल्यापर्यंत सव्वीस पावलं. तिने आदल्या दिवशी मोजून ठेवलेली. गुरुजींनी माइकवरून हाक दिली, "मुलीचे मामा कुठे आहेत? मुलीला घेऊन या." तेवढ्यात दार उघडलं. मेहुणीने पदर खोचला, गुडघ्यात वाकली, आणि आमची लेक शालू, मुंडावळ्या, दागिने सगळ्यासकट वर आली. पाहुणे म्हणून आलेले चिपळूणचे चुलतमामा उठून उभे राहिले. मी बाजूने हात पसरून चालत होतो, पडलीच तर झेलायला. नऊ इंचांनी काय झेललं असतं देव जाणे.

दहाव्या पावलाला उजव्या मुंढ्यातून टर्रकन आवाज आला. बाही खांद्यापासून पार कोपरापर्यंत फाटली. तीस वर्षांत तिची शिवण सुटलेली मी पाहिली नव्हती. पाऊल मात्र थांबलं नाही.

"भाऊजी, पदर ओढा खांद्यावर," ती दातांतल्या दातांत म्हणाली.

मी ओढला.

"आता हात काढा तुमचे. मी पाडत नाही तिला."

सव्विसाव्या पावलाला तिने लेकीला अंतरपाटासमोर अलगद उभी केली. लेक हुंदके देत होती आणि हसतही होती. गुरुजी पुन्हा "मामा" म्हणणार होते, ते थांबले, आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही मुलीच्या मागे उभ्या राहा." मंगलाष्टकं संपेपर्यंत ती तिथेच उभी होती, पदराखाली फाटकी बाही घट्ट धरून. मला मेहुण्याची अशी आठवण आली की अक्षता टाकायच्याही राहिल्या.

पंधरा दिवसांनी लाडूंचा डबा द्यायला कोपरला गेलो. दुकानात एक बाई हातात पाण्याने भरलेली बादली उचलून उभी होती आणि मेहुणी तिच्या दंडाला टेप लावत होती. मी बघतच राहिलो.

"हा काय नवा जुलूम?"

"जुलूम नाही. चूक सुधारतेय," ती म्हणाली. "हात सैल सोडला की माझा बारा. तिला उचललं तेव्हा तेरा भरला असणार. तीस वर्षं मी बायकांची मापं हात लोंबते ठेवून घेतली. बाईचा हात लोंबता असतो कधी, सांगा?"

खिळ्याला फाटका ब्लाऊज तसाच टांगलेला होता. शिवून टाक ना, म्हणालो, तर नको म्हणाली. बादलीवाली बाई गेल्यावर तिने वही पुढे ओढली, पण नवं माप लिहायच्या आधी पहिलं पान उघडलं. भावाच्या पंधराखाली तिने सहा महिन्यांचे स्वतःचे आकडे लिहिले होते. बारा, बारा, बारा, पानभर. सगळ्यात खाली तेरा. मग बोट वर नेऊन तिने भावाच्या पंधरावर ठेवलं.

"याचंही पंधरा मी हात सैल सोडायला लावूनच घेतलेलं," ती म्हणाली. "उचलताना किती भरायचा, ते बघायचंच राहिलं हो भाऊजी."