बर्फाच्या गुहेत कापसाची बंडी

बर्फाची गुहा पाहायला जायचं असं मी ठरवलंच नव्हतं. गावाहून, मुकुटबनजवळून, बाबांचा फोन आला. "पेरणीले घरी येतं का नाई, ते फोनवर सांगू नको. मीच येऊन रायलो." चौथ्या दिवशी माणूस कॅम्पवर हजर!

मी मनालीच्या पलीकडं, लाहौलमध्ये, रस्त्याच्या कामावर टिपर चालवतो. मागच्या साली गुलाबी अळीनं आमची बोंडं आतून पोखरली, तेव्हा घर सोडलं. यंदा बाबांना पुन्हा कपाशीच लावायची होती, अन् त्यासाठी मी हवा होतो. मला जायचं होतं का? हो म्हणायला गेलो की नाही वाटे, नाही म्हणायला गेलो की हो.

कोणाला यायचं असेल तर सांगतो. आमच्या वणीहून नागपूर, रेल्वेनं दिल्ली, तिथून रात्रभराची बस मनालीला. पुढं घाट उघडला असेल तर जीप, दर सीटमागं भाडं. मे संपत आल्याशिवाय निघू नका. घाटात डोकं दुखतं, पाणी पीत राहा. मॅगी सगळीकडं मिळते, भाकर कुठंच नाही. बाबांनी आणलेल्या ज्वारीच्या भाकरी आम्ही चहात बुडवून खाल्ल्या.

रविवारी सुट्टी होती. कॅम्पची पिकअप चालवणारा ताशी तिथलाच. म्हणाला, नाल्याच्या वर गुहा आहे, पहाटे निघू, ऊन चढलं की छत पडतं. त्यानं बाबांसाठी लोकरीचा जाड कोट आणला होता. बाबांच्या अंगात घरच्या कापसाची, आईनं शिवलेली बंडी.

"रहने दे," मी ताशीला म्हटलं, "घर का कपास है. तेरे ऊन से गरम."

बाबा खूश. "अळीनं सोडला तेवढा सारा याच्यात भरला हाय."

तासभर गोट्यांवरून चाललो. गमबूट घालाच, साध्या बुटांचं काम नाही. मग गुहा दिसली. बर्फाच्या पोटातून नाला बाहेर येत होता. बाहेर उन्हानं गाल भाजत होते, आत पाय टाकला तर तोंडातून वाफ. वर दोन पुरुष उंचीचा बर्फ, तरी आत निळा उजेड. तो कुठून येतो ते मला कळेना. अजूनही कळलं नाही.

बाबांनी भिंतीवर हात फिरवला. "याचा मालक कोण?"

"कोई नहीं, चाचा. हर साल जगह बदलता है. पिछले साल उधर था."

"मंग याचा सातबारा कोणत्या गावाले निघन?"

ताशीला सातबारा समजावता समजावता मी हसत बसलो. तेवढ्यात बाबा आत गेले, अन् ध्यानात येईतो बराच वेळ गेला. छत टपटप गळत होतं अन् ते खालीच उभे, वर पाहत. मी हाक मारली. जवळ गेलो. ओठ काळे पडलेले.

"बाबा, चला."

"बैल बांधले का?"

"बैल इकून दोन वर्सं झाले, बाबा."

"मंग घंटी कायची वाजून रायली?"

घंटी कुठंच नव्हती. दोघांनी धरून बाहेर आणलं. ताशी बंडी काढायला गेला तर बाबांनी ती दोन्ही हातांनी आवळून धरली. ताशी माझ्यावरच ओरडला, "कपास भीगा है! तुम कपास वाले हो, तुमको नहीं मालूम?"

मालूम होतं. बाजारात कोणी वजन वाढवायला कापसावर पाणी मारलं असलं तर बाबा गाडीत नुसता हात घालून सांगत. मी त्यांची बोटं एक एक करून सोडवली. बंडी गोट्यावर टाकली तर थप्पकन आवाज झाला. अंग पुसलं, ताशीनं तरी सोबत घेतलेला कोट चढवला, उन्हात बसवून ताशीच्या थर्मासमधला खारा चहा घोटघोट पाजला.

चहा संपल्यावर बाबा बोलले. "दुसऱ्याच्या गाडीतला ओला कापूस समजे मले. अंगावरचा नाई समजला."

"चुकी माझी हाय. मीच कोट घेऊ नाई देल्ला."

"तू देल्ला असता तरी मी घातला नसता. कापसाच्या घरचा माणूस हाय मी."

तेव्हा तुम्ही जाल तर लोकरच घाला, सोबत तिथलाच माणूस घ्या, टपकत्या छताखाली उभे राहू नका. अन् म्हाताऱ्या माणसाला नेऊ नका, हे मी कोणत्या तोंडानं सांगू?

रात्री बाबांना खोकला लागला, तसं कॅम्पच्या डॉक्टरनं त्यांना लगेच खाली न्यायला सांगितलं. एकटं पाठवायची हिंमत झाली नाही. पंधरा दिवसांची सुट्टी टाकली अन् त्यांना घेऊन गावी आलो. की तेच मला घेऊन आले? रेल्वेत दोघांपैकी कोणीच पेरणीचं नाव काढलं नाही.

आता सुट्टीचे चार दिवस उरलेत. बाबांचा खोकला थांबला. लोक विचारतात, काय पाहिलं? मी निळा उजेड सांगतो, अन् मला मात्र त्यांची आवळलेली बोटं दिसतात. आज सकाळी वावरात कपाशीच्या ओळी आखायची दोरी बाबांनी काढली. तिचं एक टोक धरून ते पलीकडच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन उभे राहिले अन् माझ्याकडं पाहत राहिले. दुसरं टोक मातीत पडलं होतं.

मी ते उचललं. किती दिवसांसाठी, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.